अनुभव धागा: दवाखान्यात औषधच बाधलं तेव्हा

नमस्कार. मी निवृत्त स्टाफ नर्स, सोलापुरात ३२ वर्षं वॉर्डात काढलेली. औषध चालू असताना अंगावर उलटलं, डोस चुकला, एकाची सुई दुसऱ्याला गेली, असं तुमच्या घरात घडलं असेल तर इथे लिहा. दवाखान्याचं किंवा डॉक्टरांचं नाव घालू नका. औषधाचं नाव मात्र जरूर घाला. बाकी काही आठवत नसलं तरी चालेल, ते नाव आठवायला हवं. माणसाला तेच औषध दुसऱ्यांदा मिळतं, कारण पहिल्यांदा बाधलं तेव्हा कुणी नाव लिहून ठेवलेलं नसतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गप्प बसवत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीने करते.

मे महिना होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पुरुष वॉर्डातले दोन पंखे बंद होते. १४ नंबरच्या आजोबांना दमा, म्हणून रात्री नातेवाइकांनी आपसात ठरवून त्यांना पंख्याखालच्या १७ नंबरवर झोपवलं. १७ चा पेशंट १४ वर गेला. फायली मात्र जुन्याच पलंगांना लटकलेल्या. सकाळी मी इन्सुलिन भरून १७ नंबरला गेले आणि १७ च्या पेशंटचं आडनाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" आजोबा इंडी तालुक्यातले, कन्नड बोलणारे. त्यांनी मान हलवली. १२ युनिट पोटात टोचलं. त्यांना मुळात साखरच नव्हती.

पाऊण तासाने त्यांचा नातू पळत आला. बंडी घामाने चिंब, हात थरथरतायत, आणि नातवालाच "तू कोण" म्हणून विचारतायत. शुगर ३८. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, ढकललं आणि आजोबा बोलायला लागले. संध्याकाळपर्यंत मी दर तासाला त्यांचं बोट टोचत होते, आणि दर वेळी ते माझ्या डोक्यावर हात ठेवत होते. त्यांना काय झालं होतं ते मी त्यांच्या मुलाला त्याच दिवशी सांगितलं.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेलं असतं. माझी चूक पहिल्याच शब्दावर झाली. त्यानंतर "तुम्ही अमुक ना?" असं कधीच विचारलं नाही. "पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि त्यांच्या तोंडून नाव येईपर्यंत थांबायचं. "निम्म हेसरेनु?" एवढं कन्नडही त्याच आठवड्यात शिकले.

आता तुम्ही लिहा.

विडी घरकुलातून, एक सून

आमच्या घरी तेलुगू बोलतात. अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, ४० वर्षं विड्या वळायच्या. बोटांचे सांधे सुजायला लागले तेव्हा सगळे म्हणाले, विडीचं काम आहे, होणारच. तपासल्यावर आमवात निघाला. मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. बाकीच्या दिवशी फॉलिक ऍसिड. वर्षभर छान चाललं. बोटं वळायला लागली, पुन्हा स्वतः भाकरी थापायला लागल्या.

मग न्यूमोनिया झाला म्हणून ऍडमिट केलं. घरी आणताना डिस्चार्ज कार्डावर आठ औषधं लिहून दिली, आणि आठही औषधांपुढे एकसारखंच लिहिलं होतं, दिवसातून एकदा. मला वाटलं, आजार वाढलाय म्हणून डोस वाढवला असेल. मी रोज दिली. स्वतःच्या हाताने, पाण्याचा तांब्या समोर धरून, नऊ दिवस.

पाचव्या दिवशी तोंड आलं. उष्णता असेल म्हणून सब्जा दिला. सातव्या दिवशी कडक भाकरी राहू दे, पातळ पेजसुद्धा गिळवेना. नवव्या दिवशी ओठ फुटून रक्त आलं आणि ताप चढला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ९०० वर आलेल्या. ड्यूटीवरच्या मॅडमनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या, एक पाकीट उचललं आणि विचारलं, "ही रोज देताय?" त्यांचा चेहराच सांगत होता. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं, वेगळी खोली, १८ दिवस.

अत्तम्मा वाचल्या. आता त्या गोळीच्या पाकिटावर मार्करने ठळक लिहिलेलं असतं, "आदिवारम", म्हणजे रविवार. तेवढं त्यांना वाचता येतं. मी दुसऱ्या कुठल्या दिवशी द्यायला गेले तरी त्या घेणार नाहीत.

बार्शीचा शिक्षक

दाढेच्या दुखण्यावर सहा वर्षांपूर्वी एक इंजेक्शन घेतलं होतं. अंगावर गांधी उठल्या, दोन तासांत बसल्या, मी विसरलो. गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनआधी विचारलं, कशाची ऍलर्जी? मी म्हणालो, कुठलंतरी अँटिबायोटिक होतं. टेस्ट डोस, म्हणजे आधी थोडंसंच औषध, दिला, काही झालं नाही. मग सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलं. आधी तळवे खाजले. मग घसा आतून कुणीतरी आवळतंय असं वाटलं, आणि शेवटचं आठवतं ते सिस्टरचं ओरडणं, "ऍड्रिनॅलिन!" मांडीत सुई टोचल्याचं कळलंसुद्धा नाही.

शुद्धीवर आल्यावर बायकोने घरून जुनी फाइल मागवली. सहा वर्षांपूर्वीचं इंजेक्शनही सेफ्ट्रायॅक्सोनच होतं. कागद कपाटात होता, माझ्या तोंडात नाव नव्हतं.

धागा काढणारी

सर, टेस्ट डोसबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. टेस्टला काही झालं नाही म्हणजे पुढे होणारच नाही, अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून तर आधीचा इतिहास विचारतात.

नव्या पेठेतला मेडिकलवाला

ताई, इन्सुलिनचं निघालंय म्हणून सांगतो. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० युनिटची येते आणि पेनचं कार्ट्रिज १०० चं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. माझ्या एका गिऱ्हाइकाचं पेन बिघडलं, तर मुलाने कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं. २० च्या खुणेपर्यंत भरलं, पण गेलं ५० युनिट. पहाटे त्यांना बेशुद्ध उचलून न्यावं लागलं. तेव्हापासून सिरिंज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी बाटली दाखवायला सांगतो. काही जण चिडतात. चिडू देत.

होटगी रोड, भाऊ

बहिणीला फिट्ससाठी कार्बामाझेपिन चालू केली. तिसऱ्या आठवड्यात ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ. घरच्यांनी गोवर धरला, कडुनिंबाचा पाला अंथरला, आणि गोळी चुकू नये म्हणून वेळेवर देत राहिलो, आणखी चार दिवस. तोपर्यंत पाठीची कातडी चादरीला चिकटून यायला लागली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषध बाधून कातडी सोलून निघण्याचा गंभीर आजार. वाचली, पण डोळ्यांत अजून रोज थेंब घालावे लागतात. नवीन गोळी चालू असताना पुरळ, ताप आणि तोंडात फोड एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

मोहोळहून, मुलगी

अप्पांचं हृदय कमजोर, डिगॉक्सिन चालू होती. आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. एप्रिलात तीन दिवस जुलाब झाले म्हणून सोलापूरला ऍडमिट केलं. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, "भिंतीला हळद कुणी लावली?" अंगावरची आमची पांढरी-निळी चादरही त्यांना पिवळी-हिरवी दिसत होती. अन्नाचा वास नको, सारख्या उलट्या. आम्हाला वाटलं वयाने भ्रम झाला. कावीळ म्हणून डोळे बघितले, तर पांढरे स्वच्छ.

रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरने हळदीची गोष्ट ऐकली आणि तो खुर्ची ओढून बसला. हृदयाची कुठली गोळी, किती दिवस, शेवटची कधी, सगळं विचारलं. जुलाबांनी अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलं, किडनी मंदावली, आणि नेहमीचीच गोळी रक्तात साठत गेली. गोळी बंद केली, पोटॅशियम भरलं, ईसीजीवर लक्ष ठेवलं. पाचव्या दिवशी अप्पांनी चादर हातात धरून बघितली आणि म्हणाले, "पांढरी आहे की."

त्या मुलाने म्हाताऱ्याचं बोलणं बडबड म्हणून सोडलं नाही, एवढंच मला सांगायचंय.

धागा काढणारी

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय, हे कळवायचं कुठे? आपल्या देशात २०१० पासून यासाठी सरकारी कार्यक्रम आहे, फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा. त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर. अनेक मेडिकल कॉलेजांत त्याची केंद्रं आहेत, फार्माकॉलॉजी विभागात चौकशी करा. पेशंट किंवा घरचेही कळवू शकतात. पुरावा लागत नाही, शंका पुरते. वय, औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं, आणि पाकीट टाकलं नसेल तर बॅच नंबर. पेशंटची ओळख गुप्त ठेवतात. यातून कुणावर केस होत नाही, म्हणून डॉक्टरांशी भांडण न करताही हे करता येतं.

सात रस्ता, एक नवी आई

मी १९ वर्षांची असताना गड्ड्याच्या यात्रेत काहीबाही खाल्लं आणि रात्रभर उलट्या झाल्या. दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. संध्याकाळी माझी मान डावीकडे वळली ती परत येईना. डोळे आपोआप वर गेले, जबडा आवळला, जीभ बाहेर. मला सगळं कळत होतं, ऐकू येत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. मावशी म्हणाली, गर्दीतून येताना पोरीला काहीतरी लागलंय, उतरवून घ्या. आईने ऐकलं नाही आणि रिक्षात घातलं. प्रोमेथाझिनची एक सुई दिली आणि पंधरा मिनिटांत मान सरळ. डॉक्टर म्हणाले, तरुण मुलींमध्ये या औषधाने असं होऊ शकतं. आईने त्यांच्याकडून नाव मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, मराठीत आणि इंग्रजीत, आणि दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट करून आणलं. ओळखपत्राएवढं कार्ड, वर्षानुवर्षं माझ्या पर्समध्ये.

गेल्या महिन्यात माझं सिझर झालं. भूल उतरताना मळमळ सुरू झाली. सिस्टर ट्रे घेऊन आल्या. मला बोलायचंही त्राण नव्हतं. आईने उशाखालून कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. सिस्टरनी ते वाचलं, ट्रेमधलं एक ऍम्प्युल उचलून बाजूला ठेवलं, आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने ते नाव उतरवून घेतलं.