लीमस भिंतीवरून परत खाली का उतरला?

सात रस्ता:
काल इथं कुणीतरी लिहिलं की जॉन ल कारेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' रटाळ आहे, माणसं नुसती बोलत बसतात आणि नायक शेवटी एका पोरीपायी फुकट मरतो. रात्रभर ते डोक्यातून जाईना. ही कादंबरी १९६३ची. बर्लिनची भिंत उभी राहून दोनच वर्षं झालेली आणि लेखक स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरीला. म्हणून यात उडत्या गाड्या नाहीत. पेन्शन, दारू आणि फायली आहेत. नायक लीमस हा ब्रिटिश हेर. तो दुकानदाराला मारहाण करून तुरुंगात जातो तो शत्रूनं आपल्याला विकत घ्यावं म्हणून. आणि पूर्व जर्मन हेरखात्यातल्या ज्या मुंडटला संपवायला निघाला, तोच लंडनचा माणूस निघतो! बळी जातो तो मुंडटच्या हाताखालच्या प्रामाणिक फीडलरचा. याला रटाळ म्हणायचं?

चाटी गल्ली:
रटाळ म्हणणारा मीच. आणि तुम्ही अर्धं पुस्तक फोडलंत ते वेगळंच. पूर्व जर्मनीतल्या चौकशीची पानं संपता संपत नाहीत. लिझ तर अजिबात पटली नाही. लायब्ररीतली पोरगी, कम्युनिस्ट पक्षाची सभासद, आणि चार दिवसांच्या ओळखीत लीमससाठी जीव टाकते?

अशोक चौक:
ओ दादा, आमचे वडील मिलमध्ये मागावर होते. युनियनमध्ये मालकानं पेरलेला एक माणूस होता. गेटसभेत सगळ्यांत मोठ्यानं घोषणा द्यायचा, वडिलांबरोबर लॉकअपमध्येही बसला. दोन वर्षांनी कळलं. त्याच्या बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी नळावर बायका तिची घागर रांगेतून बाजूला सारायच्या. लिझ वाचताना मला ती घागर दिसली.

चाटी गल्ली:
म्हणजे आता खबऱ्यांची कीव करायची? माझ्या काकांची नोकरी असल्याच एका माणसामुळं गेली. आजी शेवटपर्यंत विड्या वळत राहिली तेव्हा घर चाललं. हेर म्हटलं की तुम्हाला कादंबरी दिसते, आम्हाला तो माणूस दिसतो.

अशोक चौक:
खबऱ्याची कीव कुणी केली? बायकोबद्दल लिहिलंय, नीट वाचा. चूल आमचीही विझली होती.

सात रस्ता:
अहो, भांडता कशाला, पुस्तक हेच तर सांगतंय.

जुनी वाचक:
सगळे पुरुष लीमसबद्दलच बोलताय. लिझला तिच्या पक्षानं पूर्व जर्मनीत बोलावलं, आणि तिच्याच साक्षीनं मुंडटला वाचवायचा लंडनचा डाव पूर्ण झाला. दोन्ही बाजूंनी वापरलं तिला. शेवटी ती भिंतीवरच गोळी लागून पडते, लीमस वर असतो. पलीकडून ब्रिटिश हेरखात्यातला स्मायली विचारतो, पोरगी कुठाय? तेव्हा तो पूर्वेच्या बाजूला तिच्याजवळ उतरतो. एवढं एकच पाऊल त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मी चाळीस वर्षं शिकवलं, निवृत्तीनंतर हे वाचलं आणि तिथं पुस्तक मिटून बराच वेळ बसले.

चाटी गल्ली:
अक्का, साक्षीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, खरंच. शेवटची प्रकरणं परत वाचतो. चौकशीची पानं मात्र लांबलीच आहेत, त्यावर मी ठाम. अशोक चौकवाले, त्या बाईंचं पुढं काय झालं?

अशोक चौक:
पोरांना घेऊन माहेरी अक्कलकोटला गेली. परत आली नाही.