जुन्या गाडीचं कूलंट गळतंय: स्टॉप-लीक ओतावं का?

नटबोल्ट:
रिझर्व्ह बाटलीतली पातळी महिन्याभरात मॅक्सवरून मिनवर आली की पहिला सल्ला ठरलेला: स्टॉप-लीक (कूलंटमध्ये घालायचं, गळती आतून बुजवणारं औषध) ओता. माझं मत, ओतू नका, आधी गळती शोधा. इंजिन पूर्ण थंड असताना प्रेशर टेस्टर लावायचा, रेडिएटरच्या कॅपवर छापलाय तेवढाच दाब द्यायचा (बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.१ बार) आणि पंधरा मिनिटं काटा खाली येतो का बघायचा. मग टॉर्च घेऊन होजची (रबरी नळ्यांची) टोकं तपासा, रेडिएटरची प्लास्टिक टाकी अ‍ॅल्युमिनियमला जिथे दुमडून बसवलेली असते तो सांधा तपासा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी कूलंटच्या रंगाचा वाळलेला ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. त्यावर बाटलीतलं औषध चालत नाही.

जुनंलोखंड:
शोधण्याबद्दल वाद नाही. पण रेडिएटरच्या कोअरला (आतल्या बारीक नळ्यांच्या जाळीला) सुईएवढं भोक आहे आणि गाडी सहा महिन्यांत भंगारात जाणार आहे, तर नवा रेडिएटर कशाला? आणि हे काही फक्त जुगाड नाही. सुबारूने १९९९ ते २००२ च्या काही २.५ लिटर इंजिनांसाठी हेड गॅस्केटच्या (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांमधलं सील) बाहेरच्या पाझरावर स्वतःचाच कंडिशनर (एक प्रकारचं स्टॉप-लीकच) कूलंटमध्ये घालायला लावला होता.
लोक चुकतात ते ओतण्यात. बिनदाबाच्या रिझर्व्ह बाटलीत ओतलं तर ते तिथेच तळाला बसतं. थंड इंजिनावर रेडिएटरमध्येच ओता, थर्मोस्टॅट (तापल्यावर आपोआप उघडणारी कूलंटची झडप) उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा. मात्रा डब्यावरची, 'जरा जास्त' नाही.

नटबोल्ट:
सुबारूचं उदाहरण नेमक्या पाझरासाठी, नेमक्या मात्रेचं. बाजारातली भुकटी भोक ओळखत नाही, अरुंद जागा ओळखते. हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) नळ्या सगळ्यात बारीक, त्यामुळे आधी हीटर थंड पडतो. 'हीटर बंद ठेवा' हा उपायही बऱ्याच गाड्यांत फोल, कारण तिथे नॉब फक्त हवेची झडप हलवतो, कूलंट कोअरमधून फिरतच राहतं.

कॅपवाला:
दोघंही कॅप विसरलात. रबर कडक झालं की दाब टिकत नाही. एक पीएसआय (दाबाचं एकक, १५ पीएसआय म्हणजे साधारण एक बार) दाब म्हणजे उत्कलनबिंदूत साधारण दीड अंश, म्हणजे १५ पीएसआयची कॅप निकामी झाली की वीसेक अंश हातचे गेले. कूलंट ओव्हरफ्लो नळीतून निघून जातं आणि जमिनीवर 'गळती' शोधत बसावं लागतं. आधी ती बदला. गरम असताना उघडू मात्र नका.

जुनंलोखंड:
कॅपचं एकदम मान्य. हीटरचंही, जिथे थंडी आहे तिथे. बाकी ठिकाणी मी अजूनही बाटलीच्याच बाजूने. एक अट: बाहेर थेंब नाही, पातळी उतरतेय आणि गरम झाल्यावरही एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर ओतू नका. ते कूलंट सिलिंडरमध्ये जळतंय, हेड उघडावंच लागेल.