खड्ड्यात गेली की मागून ‘कुंई’! शॉकअपचे बुश बदलले तरी आवाज तोच

घाटकर_मास्तर:
नमस्कार मंडळी. १२५ सीसीची साधी गाडी आहे. मागे दोन शॉकअप, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. माझी शाळा चिपळूणच्या आत एका वाडीवर, शेवटचा टप्पा सगळा तांबड्या मातीचा. शनिवारी शाळा सुटली की कुंभार्ली घाट चढून कराडला घरी.

पावसाळा सरल्यापासून मागून कुंई-कुंई चालू झालंय. गतिरोधक किंवा खड्डा आला की हमखास. मागे सौ. बसली की जास्तच. सपाट डांबरीवर काही नाही. मध्ये अवकाळी पाऊस झाला त्या दिवशी गाडी एकदम गप्प होती. वाडीतली पोरं आता आवाजावरूनच ओळखतात, मी वळणावर असतानाच गृहपाठाच्या वह्या उघडतात.

गॅरेजवाल्याने आधी चेन ताणली, मग शॉकअपचे रबरी बुश बदलले. आवाज जसाच्या तसा. आता म्हणतो दोन्ही शॉकअप नवे टाका. टाकू का?

रानवारा:
सर, इंजिनचं जुनं ऑइल पिचकारीत भरा आणि मागे सांधा दिसेल तिथं मारा. आमच्याकडे सगळे हेच करतात. फुकटात काम.

पाना_चौदा:
सर, थांबा. शॉकअप टाकू नका आणि वरचा उपाय तर मुळीच करू नका. जळकं ऑइल मारलं की दोन दिवस शांतता, मग त्यावर तुमची तांबडी माती बसते आणि ते मिश्रण सांध्यात पॉलिश पेपरसारखं चालतं. रबराला लागलं तर रबर फुगतं. ड्रममध्ये गेलं तर कुंभार्ली उतरताना काय होईल ते सांगायला नको.

तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे. चाकाबरोबर फिरणारी वस्तू (चेन, बेअरिंग, लायनर) बोलत असती तर सपाट रस्त्यावरही बोलली असती आणि वेगाबरोबर सूर बदलला असता. तुमची गाडी फक्त दबली की बोलते. म्हणजे चेन उगाच ताणली. उलट जास्त तर ताणली नाही ना, ते बघा. असल्या गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध साधारण दोन-तीन सेंटिमीटर खेळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मागे माणूस बसला की चेन आणखी आवळते.

पावसात गप्प, म्हणजे कुठलातरी सांधा कोरडा पडलाय. मग पाण्यानेच शोधा. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडा. गाडी दोन्ही चाकांवर उभी हवी, डबल स्टँडवर नको, तिथे मागचं चाक अधांतरी राहतं. एकाने पुढचा ब्रेक धरून सीट जोर लावून दाबत राहायचं. तुम्ही बाजूला उकिडवे बसा. एका वेळी एकच सांधा भिजवायचा. शॉकअपची वरची टोकं, मग खालची, मग चिमट्याचा (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून वर-खाली होणारा दांडा) आरपार गेलेला लांब बोल्ट. दर वेळी चार-पाचदा दाबून ऐका. जिथे पाणी पडल्यावर आवाज मेला, तिथेच दुखणं.

कानावर फार विसंबू नका. फ्रेमच्या पाइपातून आवाज हिंडतो, बिघाड चिमट्याला आणि ऐकू येतो सीटखालून. सांध्यावर बोट टेकवा, कुरकुरणारा असेल तर बारीक झिणझिण लागते. फक्त स्प्रिंगच्या वेढ्यात बोट घालू नका.

माझ्या मते चिमट्याचा बुश. पाण्याने तसं निघालं तर डबल स्टँडवर घेऊन चिमटा मागून धरून आडवा हलवा. खटखट खेळ असेल तर बुश गेले. नसेल तर बोल्ट काढून बघा. काही गाड्यांत त्या बोल्टवरची लोखंडी नळी बुशच्या आत फिरते, ती साफ करून ग्रीस लावली की काम झालं. काहींत रबर नळीला चिकटवलेलंच असतं, तिथे फिरत काहीच नाही, रबर पिळतं. ते फाटलं की ग्रीस भरून उपयोग शून्य, प्रेसवर नवीन बसवायचं. आणि त्या दुसऱ्या प्रकारात शेवटचा नट आवळताना गाडी चाकांवर घेऊन वर माणूस बसवा. चाक लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजात घाईच्या वेळी एवढं कुणी करत नाही.

सिंहगड_रविवार:
दादांनी सगळं सांगितलंच आहे, माझी थोडी भर. हीच परीक्षा आधी सीट काढून करा, तेव्हा मागचा हँडल धरून दाबायचं. माझ्या गाडीत सीटखालची रबरी बटणं गळून पडली होती आणि सीटचा पत्रा फ्रेमवर घासत होता. सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आणि वर टाल्कम पावडर. साडी गार्डचा खालचा बोल्टही बघा, तो ढिला झाला की भलतेच सूर काढतो. मी साडी नेसून गाडी चालवत नाही, म्हणून गार्डच काढून टाकलं.

घाटकर_मास्तर:
सासरेबुवांना सीट दाबायला लावलं. त्यांना वाटलं जावई सर्कस शिकवतोय. सीट काढली तरी आवाज होताच. शॉकअपवर चारही ठिकाणी पाणी मारलं, फरक नाही. चिमट्याच्या बोल्टवर डाव्या बाजूने पाणी सोडलं आणि आवाज बंद! खेळ अजिबात नाही. पण नट निघाला, बोल्ट काही हलत नाही. हाणू का हातोडा?

पाना_चौदा:
उघड्या आट्यांवर हाणू नका. टोक पसरलं तर बोल्ट कायमचा आत. गंज सोडवायचं ऑइल दोन्ही टोकांना मारा, रात्रभर राहू द्या. सकाळी नट टोकाला बरोबर येईल इतका परत चढवा, मध्ये लाकडाचा तुकडा धरा आणि ठोका. हलला की नट काढून त्याच जाडीची सळई मागून सारत जा, नाहीतर चिमटा सुटून खाली बसेल आणि भोकं जुळवताना घाम निघेल.

घाटकर_मास्तर:
निघाला! आत फिरणारी नळीच होती. डावीकडची गंजून चॉकलेटी, ग्रीसचा मागमूस नाही. पॉलिश पेपर मारला, रॉकेलने पुसली, ग्रीस लावून बसवली. शनिवारी घाट चढलो, सौ. मागे, टोपल्यात दोन फणस. एक कुंई नाही. दादा, चहा लागू झाला तुमचा.

आता पुढून नवीनच. चाळिसाच्या आसपास च्यँ-च्यँ येतं आणि मीटरचा काटा थरथरतो.

पाना_चौदा:
मीटरची केबल. चाकाकडचं टोक सोडवा, कापड बांधून वर अडकवा आणि एक चक्कर मारा. आवाज गेला तर तीच. आतली तार ओढून काढा, पुसा, पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचा वरचा तिसरा हिस्सा कोरडा सोडा. तिथे ग्रीस लावलं तर ते चढत चढत मीटरमध्ये जातं आणि काटा कायमचा जड होतो. तार एखाद्या जागी मोडलेली दिसली तर ग्रीस वगैरे काही करू नका, सरळ नवीन केबल घ्या.