व्ही गिटार बसून वाजवता येते की!

फ्लाइंग व्ही म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची, दोन पंखांची इलेक्ट्रिक गिटार. 'ही गिटार उभं राहून मिरवायलाच, बसून वाजवताच येत नाही, आणि ती मेटलवाल्यांचीच' असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. घसरते हे खरं. पण ती बनवणाऱ्या गिब्सन कंपनीला ते १९५८ सालीच ठाऊक असणार, कारण पहिल्या फ्लाइंग व्हीच्या खालच्या पंखाच्या कडेला चक्क रबराची खाचेदार पट्टी होती, मांडीवर टिकावी म्हणून. मित्राकडच्या स्वस्तातल्या नकलेला अर्थातच ती नव्हती. पहिल्या दिवशी गुडघ्यावरून तीनदा घसरली. शेवटी त्यानेच उजवी मांडी दोन पंखांच्या बेचक्यात अडकवायला लावली. गिटारची मान आपोआप वर आली, क्लासिकलवाले धरतात तशी, आणि वरच्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या, अंगाजवळच्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत) हात आरामात पोचला. लेस पॉलवर (गिब्सनचीच नेहमीच्या आकाराची गिटार) तिथे माझं मनगट कुरकुरतं.

आणि 'मेटलवाल्यांची गिटार' हे तर साफ नामंजूर! हेवी मेटल हा रॉकचा दणदणीत प्रकार जन्मायच्या आधी ब्लूजवाला अल्बर्ट किंग हीच वाजवत होता, तीही डावखुऱ्या हाताने, उजव्यांची गिटार तशीच उलटी धरून. १९६७ मध्ये गिब्सनने ती परत आणली तेव्हा कोरिना लाकडाच्या जागी महॉगनी आलं, पिकगार्ड (अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) मोठा झाला आणि तारा लाकडातून आरपार ओवणं बंद झालं. मला विचाराल तर देखणी जुनीच.