सहलीची कूपनं आणि चौथं दार

बी-४०२: नमस्कार. आपल्या बिल्डिंगमधली अकरा मुलं यंदा सहावीच्या मुक्कामी सहलीला जाणार आहेत, म्हणून हा विषय इथेच काढते. काल संध्याकाळी माझ्याकडे एकापाठोपाठ चार मुलं सहलीसाठी पैसे जमवायची कूपनं विकायला आली. पहिल्या मुलीकडून दहा घेतली, दुसऱ्याकडून पाच, तिसऱ्याकडून दोन. चौथा आला तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "अरे, आत्ताच घेतली रे." तो "बरं काकू" म्हणाला आणि जिन्याने खाली गेला. रात्री झोप लागेना.

ए-१०३: वहिनी, त्यात तुमचं काय चुकलं? कुणाकुणाकडून घेणार माणूस?

बी-४०२: माझं चुकलं की नाही हा प्रश्नच नाही हो. यंदाचा नियम असा आहे की ज्याने जितकी कूपनं खपवली, तितकी रक्कम त्याच्याच सहलीच्या पैशांतून वजा. म्हणजे ज्याने आधी बेल वाजवली त्याची सहल स्वस्त. चौथ्या मुलाने मेहनत कमी केली का? जिने तर तोही तेवढेच चढला.

सी-५०१: मी पालक समितीत आहे, त्यामुळे मला बोललं पाहिजे. मागच्या वर्षी सगळे पैसे एकत्र केले होते. ४८ मुलांपैकी सात-आठ घरांनी सगळा गाडा ओढला, बऱ्याच जणांनी पावतीपुस्तकं कोरी परत केली आणि सूट मात्र सगळ्यांना सारखी मिळाली. ज्यांनी चार-चार रविवार घातले ते म्हणाले, पुढच्या वेळी आम्हाला धरू नका. म्हणून यंदा ज्याचं त्याच्या नावावर केलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

बी-४०२: दादा, तुम्ही किती धावपळ केलीत ते मी पाहिलंय. पुस्तकं छापून आणण्यापासून सगळं तुम्हीच केलंत. पण पुस्तक कोरं का आलं, हे आपण कुणाला विचारलं का?

डी-२०४: लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते. थोरलीच्या वेळी वर्गात फळ्याशेजारी तक्ता लावला होता. कुणाची किती कूपनं खपली त्याप्रमाणे नावापुढे चांदण्या. माझी ड्यूटी रात्रीची, दिवसा झोपायचं, ओळखीपाळखी कमी. पुस्तक परत करायच्या आदल्या रात्री उरलेली सतरा कूपनं मीच फाडली. सतरा वेगवेगळी नावं घातली. स्थळप्रतींवर हस्ताक्षर एकच दिसू नये म्हणून दोन पेनं घेतली, काही नावं डाव्या हाताने लिहिली. तिला चांदण्या मिळाल्या. तिला अजून माहीत नाही.

ए-१०३: ताई...

ए-६०२: मग माझंही ऐका. मुलीचं पुस्तक मी ऑफिसात नेलं. माझ्या टीममध्ये फिरवलं, दुपारपर्यंत संपलं. हाताखालची माणसं मला नाही कशी म्हणतील? मुलीने एकही दार वाजवलेलं नाही आणि यादीत ती पहिली आहे. तिला शाबासकी मिळाली तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं, पण गप्प बसलो.

बी-४०२: भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझं म्हणणं हेच आहे. आपण मुलांची मेहनत मोजतोय असं समजतो, पण त्या पुस्तकातून मोजली जाते ती आईबापांची ओळख. कुणाच्या घरी किती माणसांचा राबता आहे, कोण कुणाचा साहेब आहे, कुणाचे नातेवाईक हात सैल सोडणारे आहेत. अकरा वर्षांच्या पोराच्या हातात यातलं काय आहे? आणि ज्या घराला सहलीचे पैसे जड जातात, बहुतेक त्याच घराच्या ओळखी कूपनं घेण्याच्या ऐपतीच्या नसतात. ज्याला सूट सगळ्यांत जास्त हवी, त्याला सगळ्यांत कमी मिळते.

ए-७०१: मी हिशेब तपासनीस म्हणून नोकरी केली, म्हणून माझी शंका हिशेबाची. पुस्तकावर छापलंय 'सहावीच्या सहलीसाठी मदत'. घेणारा पैसे देतो ते वर्गासाठी. ते एका घराच्या खात्यात वजा करायचे, तर छापलेलं आणि केलेलं यात फरक पडला. अमेरिकेत नेमका असाच मुद्दा २०१३ मध्ये टॅक्स कोर्टात आला होता. जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा क्लब होता, धर्मादाय म्हणून करमाफी घेणारा. जो पालक जितकं विकेल तितके पॉइंट त्याच्या मुलाच्या खर्चातून वजा. कोर्ट म्हणालं, हा पैसा सर्वांच्या भल्यासाठी जमत नाही, ज्या त्या घराच्या फायद्यासाठी जमतो. करमाफी गेली. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण प्रश्न तोच आहे.

दुसरं, धाकटी लेक इंग्लंडमध्ये शिक्षिका आहे. तिथे १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार सरकारी शाळेला शाळेच्या वेळेतल्या सहलीसाठी ऐच्छिक वर्गणी मागता येते. पण ती ऐच्छिकच आहे हे पालकांना स्पष्ट सांगावं लागतं, आणि ज्याने दिली नाही त्याच्या मुलाला वेगळं वागवता येत नाही. पैसे कमी पडले तर सहल रद्द होऊ शकते, ते मूल गाळता येत नाही. मुक्कामाच्या राहण्याजेवण्याचे पैसे घेता येतात, पण ठरावीक सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांना तेही माफ.

सी-५०१: काका, पटतंय. पण मग पुन्हा सात-आठ घरंच राबणार. त्यांना काय सांगू?

बी-४०२: आकडे मांडून बघू या का? एका मुलाचा खर्च १०० धरा. ४८ मुलं, एकूण ४८००. कूपनांतून १४४० जमले तर प्रत्येकाला ३० ची सूट, भरायचे ७०. दिसायला सारखं वाटप. पण समजा सहा घरांना ७० सुद्धा झेपत नाहीत. त्या सहा मुलांचे ६०० आधी बाजूला काढले, तर उरले ८४०. ते ४२ मुलांत वाटले की प्रत्येकी २० ची सूट. आपण ७० ऐवजी ८० भरायचे. दहाचा फरक. राबणाऱ्या घरांना हे आधीच सांगा, की तुम्ही राबताय ते या सहा जागांसाठी. मी स्वतः यासाठी चार नाही, सहा रविवार देईन. दुसऱ्याच्या मुलाला सूट मिळावी म्हणून राबणं वेगळं, आणि कुणीतरी मागे राहू नये म्हणून राबणं वेगळं.

ए-१०३: आणि जे कसेबसे ८० भरतात, त्यांचं काय? त्यांना ते दहा जडच ना.

बी-४०२: बरोबर बोललात, त्यांचा विचार मीही केला नव्हता. मग सहलीच्या पत्रावरच विचारावं: पूर्ण भरू शकतो, थोडे भरू शकतो, या वेळी जमणार नाही. कारण विचारायचं नाही. बंद पाकिटात वर्गशिक्षिकेकडे. समितीलासुद्धा नावं नकोत, फक्त एकूण तूट किती ते कळावं.

ए-१०३: ऐपत असलेलाही 'जमणार नाही' लिहील एखादा.

बी-४०२: लिहील. त्या एकासाठी बाकी पाच जणांकडून पुरावे मागायला मी तयार नाही.

डी-२०४: पुरावे मागितले असते तर मी अर्जच केला नसता. एवढंच सांगते.

ए-७०१: आणखी एक. जितका पैसा जमेल तितकीच सहल ठरवा. तूट राहिली तर एक मुक्काम कमी करा, मुलं कमी करू नका. शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षाच्या सहावीला, हे आत्ताच लिहून ठेवा. नंतर शिल्लकेवरूनच भांडणं होतात.

ए-६०२: दारोदार फिरणंही थांबवू या. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रविवारी एकच टेबल, अकराही मुलं आलटूनपालटून बसतील, एकच डबा. कुणाकडून घेतलं हा प्रश्नच राहणार नाही. माझ्या ऑफिसचे पैसेही त्याच डब्यात टाकतो.

सी-५०१: बक्षिसांचा खर्चही वाचेल मग. खरं सांगायचं तर छपाई आणि बक्षिसं मिळून बराच पैसा तिकडेच जातो. शुक्रवारी समितीची बैठक आहे, तिथे मांडतो. बिल्डिंगपुरतं मात्र आत्ताच ठरवू. तक्ता लागणार नाही हे मी स्वतः शाळेत बोलून येतो. ताई, ते सतरा कूपनांचं बैठकीत सांगितलं तर चालेल का? नाव घेणार नाही.

डी-२०४: सांगा. डाव्या हाताचंही सांगा.

ए-१०३: टेबल माझं. फोल्डिंगचं आहे, एक पाय हलतो, पुठ्ठा लावला की बसतं.

बी-४०२: अकराही घरांनी पावतीपुस्तकं उद्या सातपर्यंत माझ्याकडे आणून द्या. मुखपृष्ठावरचं मुलाचं नाव खोडून द्या, हिशेबाला पुस्तकाचा नंबर पुरतो, काका जुळवतील. मी दाराशी पिशवी ठेवते, त्यात टाका. कुणाचं किती राहिलं ते मी उघडून बघणार नाही. आणि काल मी ज्याला परत पाठवलं त्याच्याकडे सकाळी जाऊन आले. मला वाटलं रागावला असेल. त्याने विचारलं, "काकू, आता आहेत का सुट्टे?"