मदत हवी आहे : वयामुळे बारीक झालेला आवाज, नाशिकमध्ये व्हॉइस थेरपी कुठे?

वडील ७३ वर्षांचे, पंचवटीत राहतो. भजनी मंडळात पुढे उभं राहून म्हणणारा माणूस, पण वर्षभरात आवाज पातळ आणि हवा मिसळल्यासारखा झालाय. एका दमात 'आ' धरला तर सात-आठ सेकंदांत श्वास संपतो. बोलण्याची पट्टी चढलीये, तार सप्तकात मात्र आवाज फाटतो. संध्याकाळी फोनवर समोरच्याला ऐकूच जात नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं. गाठ नाही, लकवा नाही. वयोमानाने स्वरतंतूंचा स्नायू बारीक होऊन कडा धनुष्यासारख्या वाकल्यात, मिटताना मध्ये फट राहते, म्हणून हवा निसटते. थायरॉइड नॉर्मल, न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन्स नाही म्हणून सांगितलंय. तंबाखू-सिगारेट कधीच नाही. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, फरक शून्य. ज्येष्ठमध, गुळण्या, वाफ चालूच आहे. घशाला बरं वाटतं, फट त्याने भरणार नाही हे कळतं. त्यामुळे कृपया घरगुती उपाय नकोत.

डॉक्टर म्हणाले आधी व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाजाचे व्यायाम, नाहीच जमलं तर स्वरतंतूत फट भरून काढणारं फिलरचं इंजेक्शन. गंगापूर रोड, कॉलेज रोडला विचारलं. बहुतेक स्पीच थेरपिस्ट लहान मुलांचं किंवा पक्षाघातानंतरचं काम करतात. गुडघ्यांमुळे दर आठवड्याला पुणे-मुंबई शक्य नाही, व्यायाम मराठीतून समजावणारं कुणी हवं. गाणं सुटलं तर ते खचतील, म्हणून घाई आहे.

वयस्कर गाणाऱ्यांच्या आवाजावर काम करणारं नाशिकमध्ये कुणी आहे का? आणि ज्यांच्या घरी हे झालंय, त्यांना व्यायामाने किती महिन्यांत फरक जाणवला, की शेवटी इंजेक्शनच घ्यावं लागलं?