दाढ काढल्यानंतर जबडा मोडला : तक्रार करावी का? (गोव्यातील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

ए-२०३ : नमस्कार. ह्यांची खालची अक्कलदाढ चवथीपूर्वी काढली हे सर्वांना ठाऊक आहेच. दुसऱ्या आठवड्यात पोदेराचे (पाववाल्याचे) कडक काकण, म्हणजे बांगडीसारखा गोल पाव, चावताना काडकन आवाज झाला आणि बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जबडा मोडल्याचे निष्पन्न झाले. आता दात तारेने बांधले आहेत व पेजेच्या निवळीवर दिवस काढणे चालू आहे. दाढ काढणारे डॉक्टर म्हणतात की असे होऊ शकते. मग आधी का सांगितले नाही?

बी-३०१ : वहिनी, थेट पोलिसांत तक्रार करा.

डी-२०४ (दंतवैद्य) : भाऊ, जरा सबुरीने घ्यावे. रुतलेली दाढ काढताना भोवतीचे हाड कोरावे लागते, त्यामुळे काही आठवडे तेथे जबडा कमकुवत राहतो आणि चाळिशी उलटलेल्या, दात शाबूत असलेल्या पुरुषांत चावण्याच्या जोराने तो क्वचित मोडतो. आम्हा डॉक्टरांना ऊठसूट आरोपी ठरवण्याची या ग्रुपची सवय जुनीच आहे.

बी-३०१ : म्हणूनच म्हणतो, पोलिसांत तक्रार करा.

ए-४०१ : तार उरली असेल तर वार्षिक सभेपूर्वी काही सभासदांचीही तोंडे बांधून घ्यावीत.

सचिव : रोख कोणावर आहे ते समजले. टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब फलकावर लावलेला आहे. कृपया विषय सोडू नये.

सी-१०२ (वकील) : हाड मोडले एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनीही आधी तज्ज्ञ डॉक्टरांचे स्वतंत्र मत घ्यावे. पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

डी-२०४ : संमतीपूर्वी अगदी दूरचे धोके सांगण्याचे बंधन नाही, हेही त्याच न्यायालयाने २००८ साली म्हटले आहे.

सी-१०२ : मान्य, डॉक्टरसाहेब. परंतु दाढ किती खोल रुतली होती आणि रुग्णाचे वय काय, हे लक्षात घेता यांच्या बाबतीत धोका दूरचा होता का, हा वादाचा मुद्दा आहे. शिवाय कडक खाऊ नका ही नंतरची सूचना वेगळी. ती दिली नसेल तर दुर्मीळपणाचा बचाव तेथे चालणार नाही. वहिनी, आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला होता का?

ए-२०३ : नाही, एकच लहान फिल्म काढली होती. सही इंग्रजी छापील कागदावर घेतली. त्याची प्रत दिली नाही. खाण्याबद्दल फक्त 'आज थंड घ्या' एवढेच सांगितले.

सी-१०२ : मग केसपेपर, फिल्म आणि संमतीपत्राच्या प्रती लेखी अर्ज करून मागा व पोच घ्या. बांबोळीचे कागद जपून ठेवा. त्याआधी नोटीस पाठवू नका.

डी-२०४ : फिल्मवर दाढेचे मूळ पूर्ण दिसत नसेल तर मीही त्यांची बाजू घेणार नाही.

ए-२०३ : आज सायंकाळी अर्ज घेऊन जाते. सोबत कोणी येईल का?

बी-३०१ : मी येतो. पोलीस ठाणे वाटेतच आहे.